उद्याची तारीख

उद्योगपर्वात शल्याची एक गोष्ट येते आणि ती मला द्यूतसभेइतकीच अस्वस्थ करते, जरी तिच्यात कोणाचा आवाज चढत नाही. मद्रदेशाचा हा राजा सैन्य घेऊन भाच्यांच्या साहाय्याला निघालेला असतो. वाटेत जागोजागी सुशोभित सभागृहे, सिद्ध अन्नपान, हात जोडून उभे असलेले सेवक. हा सत्कार युधिष्ठिराचाच असणार अशा समजुतीने शल्य तृप्त होतो, ज्यांनी हे उभारले त्यांना पारितोषिक द्यावे म्हणतो, आणि मग आडोशाला थांबलेला दुर्योधन पुढे येऊन वर मागतो: माझा सेनानी हो. त्या आतिथ्यात खोट काढावी असे काहीच नव्हते. यजमान तेवढा दडवलेला होता.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलचा शंभर वर्षांचा व्यवहार वाचताना हा शल्य मला पुनःपुन्हा भेटत राहिला. तो फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. लांबट चेंडू छातीशी धरून, समोरून चालून येणाऱ्या देहांच्या भिंतीतून वाट काढण्याचा तो खेळ, आणि तिथे विद्यापीठांच्या संघांवरही लाख लाख प्रेक्षक जीव ओवाळून टाकतात. इलिनॉय विद्यापीठाचा रेड ग्रेंज हा त्या वेडाचा एक आदिनायक. सुटीत आपल्या व्हीटन गावी तो घरोघर बर्फाच्या लाद्या पोचवी. चॅम्पेन शहरात चित्रपटगृह चालवणाऱ्या सी. सी. पाइल नामक गृहस्थाने त्या मुलाच्या पायांत दडलेले उत्पन्न हेरले आणि १९२५ च्या हंगामातच त्याच्याशी गुपचूप संधान बांधले. २१ नोव्हेंबरला विद्यापीठासाठीचा अखेरचा सामना झाला आणि पाचच दिवसांनी ग्रेंज ‘शिकागो बेअर्स’ या व्यावसायिक संघाकडून मैदानात उतरला. पाइलला पुष्कळजण त्या खेळातला पहिला एजंट मानतात. लोकांना अंधारात बसवून उजेडाकडे पाहायला लावणे हा त्याचा मूळ धंदा होता, हे मला केवळ योगायोगाचे वाटत नाही.

त्याच १९२५ साली पॅरिसमध्ये मार्सेल मोस यांचा दानावरचा निबंध प्रसिद्ध झाला. निरपेक्ष दान असे जगात काही नसते, दिलेल्या वस्तूबरोबर देणाऱ्याचा एक अंश घेणाऱ्याच्या घरात शिरतो आणि परतफेड होईपर्यंत तिथून हलत नाही, हे सांगण्यासाठी मोस पॉलिनेशियापासून आपल्या अनुशासनपर्वापर्यंत हिंडून येतात. पण त्यांची दाने बहुधा चारचौघांत, उत्सवात, साक्षीने दिली जातात, आणि साक्ष ही घेणाऱ्याचेही रक्षण करते, कारण किती घेतले आणि कितीने मुक्त होता येईल हे तिच्यामुळे ठरते. गुप्त दानाला असे माप नसते. ते घेणारा पैशाचा ऋणी होतोच, शिवाय मौनाचाही ऋणी होतो. आणि मौनाच्या ऋणाचे मुद्दल फिटले की नाही, हे सांगणारा कोणीच नसतो.

जॉश लक्स या एजंटाने २०१० मध्ये एका क्रीडा साप्ताहिकात आपला कबुलीजबाब छापून आणला. महाविद्यालयीन खेळाडूंनी एजंटांकडून पैसे घेऊ नयेत हा नियम मोडून तीसहून अधिक जणांना त्याने पैसे दिले होते. त्याच्या सांगण्यानुसार पहिला प्रसंग १९९० चा: कोलोरॅडोचा एक खेळाडू त्याला म्हणाला की आईची नोकरी गेली आहे, भाडे थकले आहे, घर जाईल. रक्कम होती २,५०० डॉलर. लक्स तेव्हा विशीतला; ज्यूंच्या मुंजीसारख्या विधीत, बार मित्झ्वात, आहेर म्हणून आलेल्या रोख्यांतून त्याने ती उभी केली. मी या ठिकाणी बराच वेळ थांबलो. एका मुलाच्या वयात येण्याचा आहेर दुसऱ्या मुलाच्या आईचे छप्पर वाचवायला जातो, ही एखाद्या नीतिकथेची सामग्री आहे. पण तो पैसा उद्याच्या दलालीवर डोळा ठेवून दिला गेला, आणि घेणाऱ्यालाही ते ठाऊक होते. करुणा आणि हिशेब यांची जात इतकी मिसळून जाते की वेगळी काढू पाहणारा हात मध्येच थबकतो. गीतेने प्रत्युपकाराच्या अपेक्षेने दिलेल्या दानाला राजस म्हटले आहे, तामस नव्हे. ही सूक्ष्म सवलत मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे.

या व्यापारात खरा माल म्हणजे काळ. व्यावसायिक संघ शाळा संपल्यावर तीन वर्षे लोटल्यावाचून खेळाडूला घेत नाहीत. शरीर त्याआधीच ऐन भरात आलेले असते, आणि या खेळात शरीर फार लवकर मोडते. गरज आजची, मोल उद्याचे, आणि मधल्या त्या पोकळ वर्षांत एजंट उभा राहतो. त्याआधी त्याचा ‘रनर’ येतो, वसतिगृहाच्या आसपास वावरणारा, जेवायला नेणारा, मित्रासारखा. १९८० च्या दशकात नॉर्बी वॉल्टर्स आणि लॉइड ब्लूम या जोडीने ५८ खेळाडूंशी करार केले. कोणाला रोख, कोणाला मोटार. महाविद्यालयातले दिवस संपल्यानंतरची तारीख त्या कागदांवर घालायची आणि कागद तिजोरीत ठेवायचे. आजची सही, उद्याची तारीख. मधली वर्षे जणू घडलीच नाहीत.

आणि तरीही त्या ५८ जणांपैकी ५६ जणांनी पैसे, मोटारी ठेवून घेतल्या व ते दुसऱ्या एजंटांकडे गेले. वॉल्टर्स न्यायालयात गेला, तिथे करार टिकले नाहीत. पुढे त्याच्यावरच खटला झाला, शिक्षा झाली, आणि १९९३ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तीही रद्द केली. शल्याने दुर्योधनाला दिलेला शब्द पाळला, पण तत्पूर्वी युधिष्ठिराला भेटून कर्णाचा तेजोवध करण्याचे कबूल केले, आणि सारथ्य करताना ते केले. चोरून विकत घेतलेली निष्ठा अशी आतून उसवत जाते. त्या ५६ जणांचे मला, खरे सांगायचे तर, किंचित कौतुकच वाटते.

कारण पैशाला न शिवण्याच्या या सोवळ्याची सक्ती कोणावर होती? हौशी खेळाडूचे ध्येय हे व्हिक्टोरियन काळातल्या, पोटाची चिंता नसलेल्या इंग्रज सद्गृहस्थांनी घडवलेले; ते ज्यांच्यावर लादले गेले त्यांतले पुष्कळजण गरीब घरांतले, आणि कृष्णवर्णीय. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या फोर्ट लुईस महाविद्यालयाचा एक खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. विधवेने भरपाई मागितली. महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करत नाही, असे सांगत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. २०१० मध्ये अलाबामाचे कोच निक सेबन यांनी अशा एजंटांना भडव्यांच्या पंक्तीला बसवले. त्या वेळी सेबन यांचे स्वतःचे वार्षिक मानधन काही दशलक्ष डॉलर होते. उपमा उधार घेताना ती कुठवर जाईल याचा अंदाज घ्यायला हवा. दलाल नीच ठरला, की ती माडी कोणाची, हाही प्रश्न येतोच.

रेगी बुशच्या प्रकरणात तर विद्यापीठांच्या संघटनेने काळालाच शासन केले. सदर्न कॅलिफोर्नियाच्या या धावपटूने सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूला दिला जाणारा हाइजमन चषक २००५ मध्ये मिळवला. होतकरू एजंटांकडून त्याने व कुटुंबाने लाभ घेतल्याचे ठरून २०१० मध्ये तो चषक गेला, आणि विद्यापीठाचे विजय नोंदींतून पुसण्यात आले. जे घडले ते न घडलेले करणे देवालाही शक्य नाही, असे अगाथॉन म्हणून गेला आणि ॲरिस्टॉटलने त्याचा दाखला दिला. विद्यापीठांच्या संघटनेला मात्र ते एका पत्रकाने साधले. ज्यांनी त्या धावा डोळ्यांनी पाहिल्या, त्यांनी आपल्या स्मृतीचे काय करावे, हे त्या पत्रकात नव्हते. २०२४ च्या एप्रिलमध्ये चषक परत देण्यात आला. धावा त्याच होत्या. बदलले होते ते धर्मशास्त्र.

ते २०२१ मध्ये बदलले. आपल्या नावाचे, चेहऱ्याचे पैसे घेण्याची मुभा खेळाडूंना मिळाली, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठे स्वतःच त्यांना मोबदला देऊ लागली. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. काल जे पातक होते ते आज वेतनपत्रकात आले आहे. मला याचा आनंदच आहे, थोड्या शंकेसह. कारण एजंट कुठे गेलेला नाही. व्यावसायिक संघांशी होणाऱ्या करारात त्याची दलाली तीन टक्क्यांवर जाऊ नये, हे पाहणारी खेळाडूंची संघटना आहे. महाविद्यालयातल्या मुलांना तशी संघटना नाही. आणि आता अनेक राज्यांत शाळकरी खेळाडूंनाही असे करार करता येतात, तेव्हा रनरला वसतिगृहापर्यंत थांबण्याचे कारण उरलेले नाही. तो सोळा वर्षांच्या मुलाच्या घरी, उघडपणे, दारावरची घंटा वाजवून येऊ शकतो.