‘कम्फर्ट’ : बळ की आराम?

शब्दाचा अर्थ कालौघात पालटतो तेव्हा केवळ कोशातील नोंद बदलत नाही, तो शब्द उच्चारणाऱ्याची अपेक्षाही बदलते. या दृष्टीने इंग्रजीतील ‘कम्फर्ट’ हा शब्द विचारणीय आहे. आज मराठी घरांतही तो सर्रास ऐकू येतो. मऊ आसन, सैल वस्त्र, गैरसोयीचा अभाव एवढाच त्याचा अर्थ समजला जातो. परंतु व्युत्पत्ती पाहू जाता निराळेच दर्शन घडते.

लॅटिन भाषेत ‘फॉर्तिस’ म्हणजे बळकट. त्यास ‘कॉन्’ हा उपसर्ग लागून उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘कॉन्फॉर्तारे’ हे क्रियापद सिद्ध झाले. त्याचा अर्थ, पुरते बळकट करणे. इ. स. ४०० च्या सुमारास संत जेरोमने सिद्ध केलेल्या लॅटिन बायबलात, मूर्ती हलू नये म्हणून कारागीर ती खिळ्यांनी पक्की करतो, तेथे हेच क्रियापद योजिले आहे. खिळा ठोकण्यात आराम तो कोठला? त्याच ग्रंथात, मरणाच्या आदल्या रात्री व्याकूळ झालेला येशू दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना करतो, तेव्हा देवदूत येऊन त्यास बळ देतो. तेथेही हेच पद आहे. प्याला टळत नाही, तो पिण्याचे सामर्थ्य मात्र येते.

हा शब्द फ्रेंचमधून तेराव्या शतकात इंग्रजीत आला, तो हाच अर्थ घेऊन. १७८७ मध्ये रचलेल्या अमेरिकेच्या संविधानात शत्रूस ‘एड अँड कम्फर्ट’ देणे हा राजद्रोह ठरविला आहे. तेथे शत्रूस गादी-उशी देणे अभिप्रेत नाही, पाठबळ देणे अभिप्रेत आहे. पुढे, विशेषतः अठराव्या शतकापासून, शरीराची सुखसोय हा अर्थ बळावला आणि मूळचे ‘बळ’ मागे पडले.

आपल्या भाषेतही याच कुळातील शब्द आहेत. ‘धीर देणे’ यात मूळ अर्थ अजून जागा आहे. ‘आश्वासन’ हा शब्द श्वस् धातूपासून आला; कोंडलेला श्वास पुन्हा सुरू करणे, हा त्याचा भाव. आज मात्र आश्वासन म्हणजे निवडणुकीतील वचन, इतकी त्याची गत झाली आहे!

येथे कोणी शंका घेईल की, शोकाने विव्हळ झालेल्यास बळाच्या गोष्टी सांगणे हे नैष्ठुर्य नव्हे काय? शंका रास्त आहे. तिचे उत्तर गीतेच्या अकराव्या अध्यायात मिळते. विश्वरूप पाहून भ्यालेल्या अर्जुनास श्रीकृष्ण सौम्य रूप दाखवितात. त्या प्रसंगी गीतेत ‘आश्वासयामास’ हेच पद आले आहे. ज्याला श्वासच घेता येत नाही, त्यास कर्तव्य काय सांगावे? म्हणून सौम्यता आधी. परंतु रूप आवरले तरी युद्ध आवरले नाही. अर्जुनास उभे राहावयाचे होते, ते राहिलेच. यावरून विसावा हे साधन आणि बळ हे साध्य, असा क्रम ठरतो.

हा क्रम सुटला की सांत्वनात असत्य शिरते. असाध्य रोग्याच्या उशाशी बसून, सर्व काही जाणत असताही, ‘तुम्हांला काही झालेले नाही’ असे आपण म्हणतो. त्या वाक्याने आराम कोणास पडतो? रोग्यास आपली स्थिती बहुधा कळलेली असते. आराम पडतो तो म्हणणाऱ्यास. कारण कठीण बोलणे टळते. रोगी मात्र आपल्या भयासह एकटा उरतो. त्यापेक्षा हात हातात घेऊन तो विचारील त्याचे खरे उत्तर मृदुपणे देणे, आणि उत्तर दिल्यावर उठून न जाणे, हे अधिक कठीण. पण तेच खरे आश्वासन.

तात्पर्य, कोणाच्या सांत्वनास जाताना एवढेच तपासावे की, आपण निघाल्यावर त्या माणसाजवळ काय उरणार? घटकाभराचे विस्मरण उरणार असेल तर तो आराम होय. पुढचा दिवस काढण्याचे बळ उरणार असेल, तर त्या जुन्या शब्दाचा अर्थ आपण राखला.