जागच्या जागी लागलेली धार

रविवारची सकाळ होती. बाहेर आषाढाची झड लागली होती. एरवी या वेळी मी सायकल घेऊन खडकवासल्याच्या रस्त्याला लागलेला असतो. पण पुण्यात पावसाने ठाण मांडलं की रस्त्यावरचा खड्डा आणि साधं डबकं यांतला फरक कळेनासा होतो. खडकवासला धरणातून पाणी सोडलं की नदीवरचा भिडे पूलसुद्धा पाण्याखाली जातो. अशा दिवसांत माझी सायकल हॉलच्या कोपऱ्यात ट्रेनर स्टँडवर चढते. साधी लोखंडी घोडी आहे ती. मागच्या चाकाचा आस दोन्ही बाजूंनी घट्ट पकडते आणि चाक जमिनीपासून थोडं वर उचलते. टायरला मागून एक छोटा रोलर दाबून बसतो. पायडल मारलं की चाक फिरतं, चाकाबरोबर रोलर फिरतो. रोलरजवळचं लोहचुंबक त्या फिरण्याला अडवत राहतं, म्हणून पायांना रस्त्यासारखाच जोर लावावा लागतो. पुढच्या चाकाखाली एक ठोकळा ठेवला की सायकल समपातळीत येते. एवढाच काय तो संसार. तर त्या रविवारी पाऊस जरा ओसरला आणि खालून हाक आली, "चाकू-सुरीऽऽ, धाऽऽर!" गॅलरीच्या दारातून पाहिलं. धारवाल्याने आमच्या फाटकाशी, छपराखाली सायकल उभी केली होती. त्याने ती स्टँडवर चढवली, मागच्या चाकावरचा पट्टा सारखा केला, सीटवर बसला आणि पायडल मारू लागला. पट्ट्याबरोबर समोरचं दगडी चाक गरगर फिरायला लागलं. शेजारच्या काकूंनी दिलेली विळी त्याने अलगद त्या दगडाला टेकवली. बारीक ठिणग्या उडाल्या. मी वर, तो खाली. दोघांच्या सायकली स्टँडवर. दोघेही पायडल मारणारे आणि दोघेही होतो तिथेच. माझ्या मनात बरेच दिवस एक रुखरुख होती, की इतका घाम गाळून आपण जातो कुठे? त्याच्या त्या ठिणग्या पाहिल्या आणि रुखरुख निवली. त्याची सायकल वीतभरही पुढे सरकली नव्हती, पण विळीला धार येत होती.

मग लहानपणचा वाडा आठवला. वडिलांची काळी, उंच सायकल अंगणात स्टँडवर लावलेली असायची. तिच्यावर बसायला पाय पुरायचे नाहीत. आम्ही पोरं शेजारी उकिडवी बसून हातानेच पायडल फिरवायचो. मागचं चाक घुमायला लागलं की डायनॅमोची छोटी चकती टायरला टेकवायची. मग समोरच्या भिंतीवर पिवळा उजेड पडायचा. हात जोरात फिरला की उजेड वाढायचा, हात दमला की मिणमिणायचा. आपल्या हाताने दिवा लागतो याचं केवढं अप्रूप वाटायचं. कर्वेनगरमध्ये विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. तिथल्या जुन्या सायकली पाहताना मला अजून तो भिंतीवरचा उजेड दिसतो. जात्याचंही तसंच नाही का? वरची तळी खालच्या तळीवर गोल गोल फिरते. जातं आपली जागा सोडत नाही आणि भोवती पांढरंशुभ्र पीठ जमत राहतं. दिवा, धार, पीठ. आपल्या घरांनी जागच्या जागी फिरण्याला कधी कमी लेखलं नाही. याच गोष्टीचं एक मोठं रूप २०२० साली पाहायला मिळालं. 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत त्या वर्षी करोनामुळे रद्द झाली. तिच्याऐवजी घरच्या ट्रेनरवर चालवायची बारा दिवसांची शर्यत ठरली. भारतीय लष्करातले लेफ्टनंट कर्नल भरत पन्नू त्यात उतरले. चार हजारांहून जास्त किलोमीटर त्यांनी चार भिंतींच्या आत कापले आणि ते तिसरे आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते पुण्यातून रस्त्यावर निघाले. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई यांना जोडणारा सुवर्ण चतुष्कोन त्यांनी सायकलवर पुरा केला आणि ते पुण्यातच परतले. जवळजवळ सहा हजार किलोमीटर, तेही पंधरा दिवसांच्या आत. जूनमध्ये खोलीत फिरलेलं चाक ऑक्टोबरमध्ये देशभर फिरून आलं. तुमच्या-माझ्या वाट्याला एवढा पल्ला येणार नाही. पण खोलीतली मेहनत खोलीतच संपत नाही, एवढी खात्री त्यातून नक्की मिळते.

स्टँडवर पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट पायांना कळली. इथे उतार नाही. बोपदेव घाट चढून गेलो की उतरताना पाय मोकळे सोडता येतात. सिग्नल लागला की दम खाता येतो. ओळखीचं कुणी भेटलं की चहाला थांबता येतं. घरात यातलं काही नाही. पाय थांबले की क्षणभरात चाकही थांबतं. म्हणून स्टँडवरची वीस मिनिटं रस्त्यावरच्या वीस मिनिटांपेक्षा जड जातात. ती जड जाणारच, हे एकदा समजून घेतलं की माणूस स्वतःवर चिडत नाही. सुरुवात पाच-सात मिनिटांनी करावी, हलक्या गिअरवर. हृदयाचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. पंखा मात्र समोर हवाच. आपलं शरीर पायडल मारताना जेवढी शक्ती खर्च करतं, तिचा साधारण चौथा-पाचवा हिस्साच चाकापर्यंत पोहोचतो. बाकीची सगळी उष्णता होते. रस्त्यावर ती उष्णता वारा घेऊन जातो. घरात तो वारा आपणच आणायचा. पाण्याची बाटली हाताशी ठेवायची आणि हँडलवर एक जुना नॅपकिन टाकायचा, कारण घामाच्या मिठाने बोल्ट गंजतात. खालच्या मजल्याचाही विचार करायचा. मी सुरुवात केल्याच्या दुसऱ्याच दिवशी खालच्या काकू वर आल्या आणि हसत म्हणाल्या, "काय रे, पिठाची गिरणी घेतलीस का घरात? सकाळी सहापासून घरघर ऐकतेय." मी ओशाळलो. त्याच दिवशी जाड रबरी चटई आणून स्टँडखाली अंथरली आणि वेळ सहाची सातवर नेली. आता जिन्यात भेटल्या की काकूच विचारतात, "आज गिरणी बंद होती वाटतं?" त्यांच्या त्या विचारण्याने माझे कितीतरी खाडे वाचले आहेत. किती चालवावं, हेही फार कठीण नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. सात दिवसांत वाटलं तर रोजची जेमतेम बावीस मिनिटं होतात. कुकरच्या शिट्ट्या होऊन वाफ जिरेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढीच. एखादा दिवस पाहुणे येतात, एखादा दिवस झोप पुरी होत नाही. त्या दिवशी पाचच मिनिटं बसावं. खाडा पडलाच तर दुसऱ्या दिवशी काही न बोलता पुन्हा बसावं. आईने कधी एखाद्या दिवशी देवापुढे दिवा लावायचा राहिला म्हणून दुसऱ्या दिवशी निरांजन उचलून ठेवलं नाही. वात वळली आणि लावला.

धारवाल्याची आणखी एक गोष्ट त्या दिवशी लक्षात राहिली. तो पायडल मोजत नव्हता. थोडा वेळ विळी दगडावर धरायचा, मग पातं उचलून नखावर हलकेच टेकवून बघायचा. धार कळते ती तिथे. आपल्यालाही आपली धार स्टँडवर बसल्या बसल्या कळत नाही. ती दुसरीकडेच कळते. पाऊस उघडल्यावर एखाद्या सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना मध्ये कठड्याला टेकावं लागत नाही. लिफ्ट बंद असताना भाजीची पिशवी घेऊन आपण तिसऱ्या मजल्यावर येतो आणि दार उघडणाऱ्या माणसाशी सरळ बोलू शकतो, धापा टाकत नाही. संध्याकाळी कर्वे रोडवर गाडी मुंगीच्या पावलाने सरकते आणि तरी आपला आवाज चढत नाही. त्या वेळी कुठेतरी सकाळची ती बावीस मिनिटं आपल्या पाठीशी उभी असतात. आणि हे फक्त सायकलीपुरतं नाही. कुणी पहाटे तंबोरा जुळवून तोच षड्ज पुन्हा पुन्हा लावतं. कुणी शाळेत निघालेल्या मुलीची वेणी रोज त्याच मायेने घालतं. कुणी कचेरीत तीच नोंदवही रोज तेवढ्याच निगुतीने भरतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हा माणूस होता तिथेच आहे. पण चाक फिरत असतं आणि पातं झिजता झिजता लखलखीत होत असतं. तुम्ही आता कामाला निघाला असाल. आजच्या दिवसातही असं एखादं जागच्या जागी फिरणारं काम तुमची वाट पाहत असेल. ते हातात घ्याल तेव्हा किती पुढे गेलो हे विचारायची घाई करू नका. दगडाला पातं नीट टेकलंय ना, एवढं बघा. आणि तुमच्या घरात एखादी सायकल भिंतीला टेकून पावसाळा संपायची वाट बघत असेल, तर आज रात्री झोपण्यापूर्वी एवढंच करा. टायरमध्ये हवा भरा, सायकल स्टँडवर लावा आणि हँडलवर धुतलेला नॅपकिन घालून ठेवा. सकाळी दिवाणखान्यात याल तेव्हा तो नॅपकिनच तुम्हाला हाक मारेल.