जस्ताची परतवाट

दिवा मालवा. अंधारात बसायची आपल्याला वसई-विरारकरांना तशी सवय आहेच. हात मांडीवर राहू द्या. श्वास जातोय, परत येतोय. मोजू नका.

आता तळहातावर टॉर्चचा जुना सेल आहे असं समजा. लहानपणी दगडानं ठेचून आतली काळी कांडी काढायचो, तो. कांडी रेघोट्या ओढायला जपून ठेवली आणि भोवतीचं करडं भांडं फेकून दिलं. ते भांडं जस्ताचं होतं. वीज त्यानंच झिजून झिजून दिली होती.

आणखी मागे जा. 1800 साली व्होल्टानं जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्या एकावर एक रचल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. आपल्या मिठागरांत उभं असतं, तसलंच पाणी. ते पेट घेत नाही. या पाण्यापाशी जरा थांबा.

सप्टेंबर 2022. वसईतल्या एका घरात रात्री चार्जिंगला लावलेली ई-स्कूटरची बॅटरी पहाटे फुटली. झोपलेला सात वर्षांचा मुलगा भाजला आणि काही दिवसांनी गेला. लिथियमच्या बॅटरीत सहसा पाणी नसतं, पेट घेणारा द्राव असतो.

श्वास सोडा.

जस्त-पाण्याच्या बॅटरीत जस्तही असंच पत्र्यावरून सुटतं, पाण्यात उतरतं. तेव्हा तारेतून वीज वाहते. ही बॅटरी पुन्हा पुन्हा वापरायची, तर चार्जिंग करताना ते परतायला हवं. परततंही, पण सारखं पसरून बसत नाही. विरार लोकलमध्ये आत जागा असून सगळे दाराशीच दाटतात ना, तसं एखाद्या उंचवट्यावर थर चढत जातो. त्याच्या सुया होतात, मधला पडदा भेदतात आणि सेल निकामी होतो. वर पाण्यातून हायड्रोजन सुटतो, तो वेगळा ताप. संशोधकांची झटापट याच सुयांशी चालली आहे: कुणी पाण्यातले क्षार बदलतं, कुणी जस्तावर लेप देतं, कुणी पाण्याचं जेल करतं. हे काम घाईनं होणारं नाही, आणि झालं असं कुणी फार लवकर सांगितलं तर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

स्कूटरवर ही जस्ताची बॅटरी जड पडेल. सोसायटीच्या गच्चीवरच्या सौर पॅनेलची वीज साठवायला जिन्याखाली ठेवली, तर वजनाचं काय मोठंसं? ती संपली तरी आतलं जस्त काढून, वितळवून पुन्हा वापरता येतं.

डोळे उघडा. घरात काही चार्जिंगला लावलेलं असेल, तर झोपण्याआधी प्लग काढा.