शनी, मंगळ आणि उसना उजेड



बुधवार, २७ एप्रिल २०२२, चैत्र वद्य द्वादशी. मुक्काम वाटूर, जि. जालना.
आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय १५, श्लोक १२

या श्लोकात भगवंत अर्जुनाला उजेडाचा मालक कोण ते सांगतात. सूर्य असो, चंद्र असो की चुलीतला विस्तव, तेज जिथे दिसेल तिथे ते आपलंच आहे, असं ते म्हणतात. हा श्लोक आपण पाठ करतो. या आठवड्यात मात्र तो डोळ्यांनी बघता येतोय.

सध्या वाटूरच्या शिवारात कापूस, तूर निघून रान मोकळं झालंय. पहाटे पाचच्या सुमारास पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की अडवायला काही नाही. खालून वर उजवीकडे बघत जा: गुरू, शुक्र, तांबूस मंगळ आणि सगळ्यांत वर शनी. चौघे एका तिरक्या ओळीत. काल वरुथिनी एकादशीला चंद्राची कोर मंगळापाशी होती, आज ती शुक्र-गुरूच्या शेजारी आलीय. येत्या रविवारी, १ मेच्या पहाटे, शुक्र आणि गुरू जवळजवळ चिकटलेले दिसतील. दुर्बीण लागत नाही, फक्त गजर लावावा लागतो.

पण याच आठवड्यात मोबाइलवर वेगळंच चाललंय. परवा, २९ तारखेला, शनी कुंभेत जातोय. मीनवाल्यांची साडेसाती सुरू, हे करा, ते करू नका, असे फॉरवर्ड घराघरांत फिरतायत. त्यातच एका ताईचा मेसेज आला. तिचं लग्न ठरत आलं होतं, पत्रिकेत मंगळ निघाला म्हणून मोडलं. आता तिची रास मीन, म्हणून घरचे म्हणतायत की पुढची काही वर्षं विषयच नको. तिने विचारलंय, "दादा, मी रोज हरिपाठ करते, एकादशी करते. मग हे ग्रह माझ्याच मागे का?"

ताई, उद्या पहाटे गच्चीवर जा आणि त्या मंगळाकडे नीट बघ. तो ठिपका चमकतोय, पण त्याच्याजवळ स्वतःचा उजेड रतीभरही नाही. शनीजवळ नाही, गुरूजवळ नाही, चंद्राजवळही नाही. सगळ्यांना उजेड देणारा सूर्य अजून क्षितिजाखालीच आहे. आपल्याला तो दिसत नाही, त्यांना दिसतो, म्हणून ते उजळलेत. आणि गीता आणखी एक पायरी वर नेते: त्या सूर्याचं तेजही त्याचं नाही, भगवंताचं आहे. ज्याला दिसण्यापुरता उजेडसुद्धा मागून आणावा लागतो, तो तुझं आयुष्य काळं कसं करील?

त्यांची जवळीकही बघण्यापुरतीच आहे. आज शुक्र आपल्यापासून साधारण १५ कोटी किलोमीटरवर आहे आणि गुरू ८० कोटींच्याही पलीकडे. आपण जिथे उभे आहोत तिथून ते शेजारी दिसतात, एवढंच. त्यांनी तुझ्याविरुद्ध तिथे बैठक भरवलेली नाही.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो. तुझं लग्न मंगळाने मोडलं नाही. माणसांनी मोडलं, भीतीपोटी. त्याचं दुःख खरं आहे, आणि नामस्मरण करणाऱ्याला दुःख येतच नाही, असं कुठल्याही संताने सांगितलेलं नाही. पण दुःख वेगळं आणि धास्ती वेगळी. दुःख देवापुढे रडून मोकळं करता येतं. धास्ती मात्र देवाची जागा ग्रहांना देऊन टाकते. म्हणून कुणी घरात शनिवारी तेल वाहत असेल, तर त्या श्रद्धेची थट्टा करू नकोस. फक्त नमस्कार मालकाला पोचतोय ना, एवढं बघ.

समर्थ रामदास आपल्याच जालना जिल्ह्यातल्या जांबचे. परंपरा सांगते, की मंगलाष्टकांत 'सावधान' ऐकलं आणि बारा वर्षांचा नारायण बोहल्यावरून निघून गेला. मुहूर्त काढून, घटिका मोजून जमलेल्या त्या मांडवात 'सावधान' शब्द सगळ्यांच्याच कानावर पडला होता. जागा एकच झाला. पुढे टाकळीला नदीत उभं राहून त्यांनी जी साधना केली, तीही पहाटेचीच. आकाश माणसाला घाबरवण्यासाठी नसतं, जागं करण्यासाठी असतं.

आता शेवटचं. उद्या कोर बघताना तिच्या कुशीतला अंधारा भागही बघा. त्यावर मंद, राखाडी उजेड दिसेल. तो आपल्या पृथ्वीवरून गेलेला आहे. सूर्याचं जे आपल्याला मिळालं, त्यातलं थोडं पृथ्वी चंद्राच्या काळोख्या बाजूला पोचवते. उसना उजेड पुढे द्यायचा असतो, ठेवून घ्यायचा नसतो. मग एखादीचं स्थळ नुसत्या मंगळामुळे नाकारलं जात असेल, तर आपल्या घरात तरी तिच्या बाजूने बोलायला काय हरकत आहे?

आजचा नेम: उद्या पाच वाजता उठा. मोबाइल घरात ठेवा. ओळीतल्या चारही ग्रहांना बघत अकरा वेळा 'राम कृष्ण हरि' म्हणा. आणि घरात कुणी साडेसातीने धास्तावलं असेल, तर त्यांनाही हाताला धरून बाहेर न्या.

राम कृष्ण हरि.