रात्रींची वाटणी कुणी केली?

तिघंही बसा. मोबाइल बाजूला ठेवा. शाळेत तुमचे कान धरले होते, त्याच हक्काने आज बोलते आहे.

तुमच्या आईला भेटून आले. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणावर आहे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, रात्रीसुद्धा. कोण वळवतं? थोरल्या, तुझी बायको. पहाटे डबे, दिवसभर नोकरी, आल्यावर डायपर, औषधं, आणि पुन्हा जागरण. तिचा डोळा लागला की आजीच्या हाकेला दहावीतली पोर उठते. आणि तू मला सांगतोस, ‘बाई, सगळं नीट चाललंय.’ कुणाच्या जिवावर?

धाकट्या, पैसे पाठवतोस, ते पाठवायलाच हवेत. पण आईचा व्यायाम का चुकला म्हणून फोनवरून वहिनीला जाब विचारायचा अधिकार त्याने मिळत नाही. आईला धरून तू एकदा तरी उभं केलंस का?

आणि तू गं? जमिनीत वाटा मागितलास तेव्हा मी तुझ्या बाजूने बोलले, कारण तो तुझा हक्कच होता. आता सासरचं कारण सांगू नकोस. 2007 च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात आईबापांना पोसायची जबाबदारी मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर आहे. सुनेचं नाव त्यात नाही. तुम्ही मात्र सगळा भार तिच्यावरच टाकलात. गुंठा न् गुंठा मोजून घेतलात, आईच्या रात्री कुणी मोजल्या नाहीत.

आईला तरी विचारलंत? सुनेला सारखं उठवायची तिला लाज वाटते, म्हणून ती पाणीच कमी पिते. तिनेच सांगितलं मला. अशाने लघवीचा संसर्ग होतो, म्हातारं माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतं, आणि तुम्ही ‘वय झालं’ म्हणून मोकळे होता. लाज तिला नाही, तुम्हाला वाटायला हवी.

वही काढा. रात्रीसाठी बाई ठेवा, पगार तिघांनी द्या. शनिवार-रविवारी थोरल्याने स्वतः आईजवळ झोपायचं. धाकट्याने रजा काढून यायचं, आणि लेकीने त्याच्या पाठोपाठ. तेवढे दिवस सून माहेरी जाईल, आणि तिला कुणीही फोन करणार नाही. कोण कधी येणार, त्या तारखा घालून लिहा. लिहून झाल्याशिवाय इथून कुणी उठायचं नाही.