दोन गावं, ९२ टक्के

संदर्भ का द्यायचा? इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्ट रिपोर्टपुरतं उत्तर सोपं होतं: प्लेजरिझमच्या सॉफ्टवेअरने पकडू नये म्हणून. मला ते अपुरं वाटतं.

१९८९ साली 'द लॅन्सेट'मध्ये डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध आला. गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी. ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार. त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के.

समजा, कुणी लिहिलं, 'भारतातल्या ९२ टक्के ग्रामीण स्त्रियांना हे आजार आहेत'. पुढे लेखक, साल, पान सगळं बिनचूक. संदर्भ बरोबर, वाक्य चूक. निबंधाच्या शीर्षकातही 'ग्रामीण भारतीय स्त्रिया' असंच आहे. दोन गावं भेटतात ती आतला मजकूर वाचल्यावर.

यात चोरी नाही, लेखकांचं श्रेयही शाबूत. मग अन्याय कुणावर? त्या ६५० जणींवर. त्यांची नावं संदर्भात येत नाहीत, येऊही नयेत. असे आजार खासगीच राहायला हवेत. मग त्यांचं ऋण मानायची एकच जागा उरते: किती जणी, कुठल्या, कधीच्या, हे न गाळणं.

कोडची ओळ कुणी लिहिली, हे गिट सांगतं. ती कुठल्या अटीवर चालते, हे कळायला कोडच वाचावा लागतो. आकड्याचंही तसंच. आधी मूळ निबंध उघडा, मग आकडा उचला.