दया आणि अरिवु



दासोहाची पंगत उठल्यावर उरलेला भात, हुग्गी, पोळ्या यांची पाटी भरून गायीपुढे ठेवणे हे आपल्याकडे पुण्यकर्म समजले जाते. अन्न वाया गेले नाही आणि मुक्या जीवाच्या मुखी घास पडला, असे दुहेरी समाधान त्यात असते. प्रश्न असा की, हेतू शुद्ध असला म्हणजे कृतीही शुद्ध ठरते काय?

उत्तरासाठी गायीच्या पोटाकडे पाहावे लागते. तिच्या वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. जिभेने गवत ओढून ती ते अर्धवट चावूनच गिळते आणि मग निवांतपणे दिवसाचे ६ ते ८ तास रवंथ करते. संस्कृतातील ‘रोमन्थ’ तो हाच. पोटाच्या ४ कप्प्यांपैकी पहिला सर्वांत मोठा. त्यात असंख्य सूक्ष्म जीव राहतात आणि आपल्याला न पचणारे चाऱ्यातील तंतू आंबवून ते गायीचे पोषण करतात. रवंथ करताना सुटणारी विपुल लाळ तेथील आम्लता आवरते.

भाताला रवंथ फारसा लागत नाही. म्हणून लाळ कमी सुटते आणि पिष्ट झपाट्याने आंबून आम्ल वाढते. सवय नसलेल्या गायीने एकदम पाटीभर खाल्ले तर ते सूक्ष्म जीव मरतात, रवंथ बंद पडतो आणि एक-दोन दिवसांत गायही दगावू शकते.

कोणी म्हणेल, ‘आम्हाला ठाऊक नव्हते; मग दोष कसला?’ नकळत घडले त्याला क्षमा आहे. परंतु ही गोष्ट कोणत्याही जाणत्या गुराख्याला ठाऊक असते. आपण त्याला विचारले नाही, एवढेच. शरणांनी दयेइतकेच अरिवूला, म्हणजे जाणिवेला, मोल दिले. दया अंतःकरणात उपजते, पण तिला डोळे देतो तो अरिवु. घेणाऱ्याची गरज ओळखून, ‘मी दिले’ हा भाव गाळून जे अर्पण होते तो दासोह. पाटी रिकामी करण्याची आपली निकड म्हणजे गायीची भूक नव्हे.

मग प्रसाद टाकून द्यावा काय? मुळीच नाही. माणसे मोजून शिधा काढावा, ताटात लागेल तेवढेच घ्यावे, उरेल ते ताजे असतानाच भुकेल्या माणसापर्यंत पोचवावे. गायीला कडबा, हिरवा चारा आणि पाणी द्यावे. तिने भाताच्या ढिगात तोंड घातलेच, तर पोट फुगण्याची वाट न पाहता पशुवैद्याला बोलवावे. त्या दिवशीचा दासोह तोच होय.